दोन जीबीचा गणपती

परभणी जिल्ह्यातील तमाम रहिवाशांना, तसेच कामाधंद्यानिमित्त पुण्यात जाऊन बसलेल्या त्यांच्या लेकरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जुन्या कॉम्प्युटरची रॅम वाढवावी की न वाढवावी हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नसून, त्यात घरात बसलेली माणसे उठून जाण्याचा धोका संभवतो. सदर इशारा देऊनही कुणी परस्पर रॅम वाढविल्यास होणाऱ्या परिणामांस प्रस्तुत लेखक जबाबदार राहणार नाही.

हुश्श! रिक्षाला भोंगा बांधून हे सगळ्या परभणीत ओरडत फिरायची माझी फार इच्छा होती. रिक्षावाला तयार होता, ऐनवेळी मीच लाजलो. आता संपादकांनी दिवाळी अंकात जागा दिलीच आहे, तर भोंगा इथे वाजवून घेतला.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. स्टेशनपासून पायी जाता येईल अशा अंतरावर, एका झेरॉक्सच्या दुकानामागे माझी खोली आहे. दारावरच्या पाटीवर ‘सर्व प्रकारचे संगणक दुरुस्त करून मिळतील’ असे लिहिले आहे. त्यातला ‘सर्व प्रकारचे’ हा भाग आता थापेत जमा झाला. नवे लॅपटॉप उघडले की आत काढण्या-घालण्यासारखे काही नसते. रॅमसुद्धा बोर्डावरच सोल्डर करून पक्की केलेली. मी त्याच्याकडे बघतो, तो माझ्याकडे बघतो, आणि मी झाकण लावून टाकतो. त्यामुळे माझा जीव रमतो तो जुन्या, जाडजूड, पत्र्याच्या डब्यांत.

आमच्या धंद्याची एक गंमत आधीच सांगतो. डॉक्टरचा गुण आला की पेशंट पुन्हा येतो. न्हाव्याचा हात आवडला की गिऱ्हाईक पुन्हा येते. आमच्यात मात्र काम उत्तम झाले की माणूस पुन्हा तोंड दाखवत नाही. आणि मी फार चांगला कारागीर आहे. त्यामुळे मला फारशी माणसे भेटत नाहीत.

हे वाक्य विनोद म्हणून लिहिले होते. वाचून पाहिले तर तसे वाटेना. असू द्या.

आता ज्यांना रॅम म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यांच्यासाठी खुलासा. आपला मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, डोळ्यांपुढे आणा. मागे गोदाम, पुढे ओटा आणि दोन्हींच्या मध्ये पळणारा हमाल. गोदाम म्हणजे हार्ड डिस्क. सगळा माल तिथे पडलेला. पण गिऱ्हाइकाला पोते उघडून दाखवायचे तर ते ओट्यावर आणावे लागते. हा ओटा म्हणजे रॅम. ओटा लहान असला की हमाल एक पोते बाहेर आणतो, त्याला जागा करायला दुसरे आत नेतो, तेवढ्यात कुणी ते दुसरेच मागतो. हमाल घामाघूम, गिऱ्हाईक ताटकळलेले, आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरतेच आहे. रॅम वाढवणे म्हणजे ओटा रुंद करणे. बाकी काही नाही.

पण शहाणा कारागीर लगेच ओटा रुंद करत नाही. आधी बघतो, की रुंदीकरणाला जागा आहे का, या डब्याला चालेल अशा जुन्या पिढीची पट्टी अजून मिळते का, आणि मुळात गोदामाचेच छप्पर गळत नाही ना. निम्म्या वेळा तर नवी रॅम लागतच नाही. जुनी पट्टी उपसून काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून शाळकरी पोरांचे खोडरबर फिरवायचे आणि पुन्हा खटकन बसवायची. माझ्या हत्यारांच्या पेटीत सगळ्यात जास्त झिजलेले हत्यार म्हणजे खोडरबर.

एका गुळाच्या अडत्याने ‘रॅम वाढव, रॅम वाढव’ असा धोशा लावला होता. डबा उघडला तर आत मुंग्यांची वसाहत, आणि शेजारीच ढेपांची थप्पी. मी मुंग्या हलवल्या, ढेपा हलवल्या, ओटा होता तेवढाच राहिला. अडत्या अजून म्हणतो, ‘काय रॅम टाकली ओ तुमी, पळायलंय नुसतं!’

एका कचेरीतले कारकून (कचेरी कुठली ते सांगणार नाही, मला तिथून अजून एक दाखला काढायचा आहे) मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, ‘सायबानं रॅम वाढवा म्हनलं तर म्हना, बसत न्हाई. ते हळू हाय म्हनून तर दोन घास निवांत खायला मिळायलेत.’

मी तेव्हा खूप हसलो. हळू यंत्राच्या आडोशाला कुणाकुणाचे काय काय चाललेले असते, हे मला वालूरला कळायचे होते.

वालूर माझे आजोळ. चौथीपर्यंत मी तिथल्या शाळेत होतो आणि चौथीला आम्हाला कुलकर्णीबाई होत्या. बाई निवृत्त झाल्या, त्यांचे यजमान वारले, मुलगा श्रीकांत पुण्याला नोकरीला लागला. घरात राहिल्या बाई आणि श्रीकांतने शिकायला म्हणून घेतलेला कॉम्प्युटर. बाईंनी त्याच्यावर लग्नाचे बायोडाटे टाइप करायला सुरुवात केली.

पंचक्रोशीत एक समजूत पसरली, की बाईंच्या हातचा बायोडाटा लाभतो. हल्ली तो मोबाइलवरही होतो, फुलापानांसकट होतो. पण मुलीचा पहिला कागद बाईंकडचा, हा रिवाज पडला तो पडला. कागद निघाला की बाई त्याच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावायच्या, देवापुढे ठेवायच्या आणि मग हातात द्यायच्या.

बायोडाट्याच्या डोक्यावर गणपती. हा गणपती म्हणजे या कथेचा नायक. बाईंच्या देवघरातली तसबीर कुणीतरी कौतुकाने शहरात नेऊन स्कॅन करून आणली होती. ‘एकदम चांगला काढा’ असे सांगितल्यामुळे दुकानदाराने चौकात फ्लेक्स लावायच्या मापाचा काढला. बाईंनी तो बायोडाट्यात आणला आणि कोपरा धरून ओढत ओढत सुपारीएवढा केला. इथे एक धंद्यातली गोष्ट सांगतो. असा कोपरा ओढला की चित्र दिसायला लहान होते, वजन तेवढेच राहते. हत्तीला काडीपेटीत बसवल्यासारखे. बायोडाटा उघडला की बिचारा हमाल अख्खा हत्ती ओट्यावर चढवायला लागायचा.

म्हणून बाईंचा गणपती वरून खाली, हप्त्याहप्त्याने यायचा. आधी मुकुटाचे टोक. मग बराच वेळ काही नाही. मग कपाळ. मग डोळे. डोळे आले की म्हाताऱ्या हात जोडायच्या. मग सोंड, आणि सोंडेचे वळण पार करायला तर फारच वेळ. अर्धवट देवाखाली नाव लिहायचे नाही, असा बाईंचा दंडक. त्यामुळे शेवटी उंदीर दिसेपर्यंत सगळ्यांनी बसायचे. बाई चहा टाकायच्या. माणसे बोलायची. ‘अपेक्षा’ नावाच्या रकान्यात घरून बाप ‘अनुरूप’ असे ठरवून आलेला असायचा; पण कपाळ आणि सोंडेच्या मधल्या वेळात एखादी पोरगी खाली मान घालून काहीतरी वेगळेच सांगायची. बाई ऐकून ठेवायच्या आणि तेच टाइप करायच्या.

मला हे सगळे नीट माहीत आहे, कारण माझाही बायोडाटा बाईंनीच केला होता. सोंडेच्या आसपास माझ्या तोंडून निघून गेले, ‘संध्याकाळी घरी आल्यावर बोलायला कुणीतरी असावं.’ बाईंनी ते जसेच्या तसे छापले. मुलीकडचे वाचून म्हणाले, ‘पोराला लय बोलायला लागतंय वाटतं.’ लागते. नाकारून काय उपयोग! तेव्हापासून मी दुपारी खानावळीत शेजारच्या ताटाशी बोलतो आणि संध्याकाळी बिघडलेल्या डब्यांशी. डबे जास्त ऐकून घेतात.

तर मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता श्रीकांतचा फोन आला.

‘सुधाकरदादा, आईला पुण्याला आणायचंय. तिथं एकटी पडलीय ती. तर म्हणते, एकटी कुठं, माझ्याकडे माणसं येतात! कोण येतंय हो आता? मी म्हणलं, दसऱ्यानंतर येतो आणि एक रविवार घरात बसून बघतो. माणसं दिसली तर पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर सामान बांधायचं. तिला कबूल आहे.’

‘मग मी काय करू?’

‘तोवर तिचं ते मशीन तरी जोरात पळेल असं करा. तिची तकलीफ तरी कमी होईल.’

पोरगा वाईट नाही. त्याला आईचे कष्ट कमी करायचे होते. मी पेटी घेऊन वालूरला गेलो.

डबा उघडला. एक जीबीची म्हातारी पट्टी, शेजारची खाच रिकामी. खोडरबर फिरवून पाहिले, फरक नाही. मग बायोडाटा उघडला, आणि हत्ती सापडला.

‘बाई,’ मी म्हणालो, ‘रॅम लागणारच नाही. हा गणपती फक्त खराखुरा लहान करतो.’

बाईंनी चष्मा वर केला. ‘देव लहान करतोस?’

‘दिसायला तेवढाच राहील बाई. फक्त त्याचं वजन कमी करायचं.’

‘गणपतीचं वजन कमी करणार? सुध्या, आधी तुझं कर.’

विषय संपला. गणपतीला हात लावायचा नाही म्हटल्यावर ओटाच रुंद करणे आले. एका मेलेल्या डब्यातून काढलेली दोन जीबीची पट्टी मी सोबत आणली होती. ती बसवली. सुरू केले तर डब्याने लांब लांब शिट्ट्या घातल्या. रॅम नीट बसली नाही की तो असा बोंबलतो. बाई दोन पावले मागे सरकल्या. मी अंगठ्याने पुन्हा दाबली, खट्ट झाले, शिट्ट्या थांबल्या.

‘बघायला कुठली फाइल उघडू?’

‘तुझीच उघड की. वय बदलते मी दरवर्षी.’

मी उघडली. गणपती आला. मुकुट, कपाळ, सोंड काही नाही. एकदम आला, भिंतीवर खिळा ठोकून टांगल्यासारखा.

‘आला?’ बाईंनी विचारले.

‘आला.’

‘सगळा?’

‘उंदरासकट.’

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. ‘चांगलंय,’ म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘थांब, चहा टाकते.’

‘नको बाई, काम तर झालं!’ मी पेटी उचलली आणि शिट्टी वाजवत निघालो. इतके चोख काम बऱ्याच दिवसांत झाले नव्हते.

दसरा झाला आणि बाईंचा फोन आला.

‘सुध्या, बिघडलं रे.’

‘काय होतंय? शिट्ट्या मारतंय का?’

‘ये तू. फोनवर सांगता येत नाही.’

मी गेलो. सुरू केले, बंद केले, पुन्हा सुरू केले. डबा ठणठणीत. मी म्हणालो, ‘एक नंबर चालायलंय की बाई.’

‘बैस तिकडे,’ बाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आले. बाईंनी बायोडाटा उघडला. गणपती खट्टकन हजर. शेतकरी दचकलेच.

‘ह्यो एकदमच आला की ओ बाई! खरा हाय नव्हं?’

‘खरा आहे, माणिकराव. बसा, चहा टाकते.’

‘च्या कामून? देव आला, आता लिवायला लागा की. अनुरूप लिवा म्हंजे झालं.’

मुलीने तोंड उघडल्यासारखे केले आणि मिटले. कागद निघाला, हळद-कुंकू लागले. माणिकराव म्हणाले, ‘लय भारी काम झालं बगा, फटाफट!’ आणि फटफटीवर बसून गेलेसुद्धा. आत गॅसवर पाणी नुकते कोमट होत होते.

बाईंनी गॅस बंद केला आणि दारात येऊन उभ्या राहिल्या.

‘बघितलंस?’

‘काय बघू बाई? चाललंय तर...’

‘कॉम्प्युटर नको बघू. खुर्च्या बघ.’

मी खुर्च्या बघितल्या. भिंतीला लावून ठेवलेल्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुसून लख्ख केलेल्या. शेतकरी उभ्यानेच गेले होते. मुलगीसुद्धा.

‘तू ती पट्टी बसवून गेल्यापासून एक खुर्ची गरम झालेली नाही,’ बाई म्हणाल्या. ‘येतात, कागद घेतात, जातात. रविवारी श्रीकांत येतोय. त्याला काय दाखवू? उघडतं आणि मिटतं दार?’ मग चष्मा काढून पदराने पुसत म्हणाल्या, ‘तिथं अकराव्या मजल्यावर आहे रे त्याचं घर. चांगलं आहे. खिडकीतून सगळं दिसतं. ऐकू कुणीच येत नाही. ती पट्टी काढून टाक तू.’

इतकी वर्षे या धंद्यात आहे. रॅम वाढवा म्हणणारे पाहिले, वाढवू नका म्हणणारे ते कारकूनही पाहिले. पण धडधाकट रॅम उपसून काढा, म्हणणारे गिऱ्हाईक पहिलेच. माझ्यातला कारागीर क्षणभर रुसला. मग मला आठवले, की त्या दिवशी शिट्टी वाजवत मी परभणीला पोचलो, कुलूप उघडले, आणि आत गेल्यावर ‘बाईंचा गणपती आज एका फटक्यात आणला’ हे सांगायला खोलीत कुणी नव्हते. बाईंचा चहा मात्र मी सोडून आलो होतो.

मी पट्टी उपसली. खिशात टाकली. गणपती लावला.

मुकुटाचे टोक आले. मग काही नाही.

‘हां,’ बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मीही बसलो. त्या दिवशी आम्ही चौथीतल्या सगळ्या पोरांची चौकशी संपवली, तरी सोंड अजून वळलेली नव्हती.

‘रविवारी ये,’ निघताना बाई म्हणाल्या. ‘मध्येच शिट्ट्या मारल्या त्यानं तर?’

म्हणजे मी रविवारी अधिकृतपणे शिट्ट्यांच्या बंदोबस्तासाठी हजर होतो. श्रीकांत भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर लॅपटॉप, नजर दाराकडे. दार बराच वेळ रिकामेच. बाई उगीच खुर्च्या सरळ करत होत्या. मी उगीच वायरी तपासत होतो.

मग गयाबाई आल्या, काठी टेकत. मागून त्यांचा मुलगा दत्ता आणि नात कोमल. गयाबाई आत येता येताच सुरू झाल्या, ‘बाई, पोरगं ऊसतोडीला निघायलंय चार दिसांत, त्याच्या आदी कागद पायजे. आन् तुमचा देव लय तेज झालाय म्हनं? माणिकराव सांगत हुता.’

‘नाही हो, पुन्हा पहिल्यासारखा झालाय,’ बाई म्हणाल्या. ‘बसा.’

बसले! तिन्ही खुर्च्या भरल्या. बाईंनी माझ्याकडे एक नजर टाकली, चौथीत गणित बरोबर आल्यावर टाकायच्या तशी, बायोडाटा उघडला आणि चहा टाकायला आत गेल्या. मुकुटाचे टोक आले.

‘ह्यो कोन? शिरीकांत का?’ गयाबाईंनी चौकशी काढली. ‘केवढा वाळला गं माय! पुण्यात जेवायला घालत न्हाईत का?’

‘घालतात की मावशी,’ श्रीकांत हसला आणि त्याने लॅपटॉप मिटला.

दत्ताने मला सांगून ठेवले, ‘अपेक्षेत अनुरूप टाकायला लावा.’ कपाळ आले. आणि कोमल, जी आल्यापासून ओढणीचा काठ गुंडाळत होती, ती पडद्याकडेच बघत म्हणाली, ‘मला तोडीला जानाऱ्या घरात न्हाई जायचं.’

‘असं बोलत्यात का कुठं?’ दत्ता वळला.

‘बोलू दे की तिला,’ गयाबाई काठी आपटून म्हणाल्या. ‘घरी तू कवा बोलू दिलंस? बोल गं. आजून काय?’

श्रीकांत आता पुढे सरकून बसला होता. कोमलने ओढणीचा काठ सोडला. आणि नेमके त्याच वेळी माझे लक्ष पडद्याकडे गेले, तर गणपती भराभर उतरायला लागलेला. सकाळी बाईंनी धास्तीने एकदा गणपती लावून पाहिला असणार. त्यामुळे काही पोती हमालाने गोदामात नेलीच नव्हती, ओट्यावरच ठेवली होती. डोळे आले. लगेच सोंड सुटली. वळण घेतले. दत्ता खुर्चीच्या कडेला आला, उठायच्या बेतात.

मी काय करणार! रॅम कमी केली होती, देवाला ब्रेक लावता येत नव्हता.

‘मला...’ कोमल म्हणाली, ‘मला शिकायचं पन हाय...’

स्वयंपाकघराच्या दारात बाई आल्या. एका हातात सांडशी, एका हातात रिकामा कप. त्यांनी पडद्यावर पोटापर्यंत उतरलेला गणपती बघितला, खुर्चीच्या कडेचा दत्ता बघितला, आणि श्रीकांत तिथे बसला आहे हे साफ विसरून ओरडल्या,

‘अरे थांब रे देवा, दूध अजून वर यायचंय!’